रोजची पंधरा मिनिटे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या रविवारच्या वर्गात मुलांना पेटी व तबला शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना आज आपण बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आठवड्यातून एक तास मूल आमच्यापाशी असते. उरलेले सहा दिवस ते आपल्यापाशी असते. म्हणून आज विद्यार्थ्यांशी नव्हे, तर त्यांच्या आईवडिलांशी आणि आजीआजोबांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला संगीतशाळेचे मोल सांगावयास नको. मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परिश्रमांतून १९२६ साली येथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. आज कैसरबागेत त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्याही आधी, ५ मे १९०१ रोजी, कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी दूर लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरुगृही राहून मिळणारी विद्या या दोघांनी सामान्य गृहस्थाच्या मुलांपर्यंत पोचविली. मात्र गुरुगृही राहणाऱ्या शिष्याच्या कानांवर दिवसभर स्वर पडत. तासापुरते वर्गात येणाऱ्या मुलाला ते भाग्य नाही. ती उणीव भरून काढावयाची ती घराने.

आमचा अनुभव असा की दसऱ्याला घरात नवी पेटी येते, तिची पूजा होते, महिनाभर कौतुक चालते. पुढे अलंकार कंटाळवाणे वाटू लागतात, आई रागावते, आणि संक्रांतीपर्यंत पेटी कपाटावर जाऊन बसते. ‘मुलाला आवडच नाही’ असा निकाल लागतो. सात वर्षांच्या मुलाला आवड नसते असे नव्हे. एकट्याने बसण्याचे बळ नसते.

ते बळ कसे द्यावे? पहिली गोष्ट, वेळ ठरलेली असावी. दिवेलागणीला शुभंकरोति झाली की पेटी, असा क्रम लागला म्हणजे रोज आग्रह करावा लागत नाही. लहान मुलाला पंधरा मिनिटे पुरेत. रविवारी सलग दोन तास बसविण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फळतात. बोटांना वळण लागते ते नित्याच्या सरावाने. परीक्षेच्या दिवसांत पाच मिनिटे करावीत, पण शून्य करू नयेत. मे महिन्यात गावी जाताना पेटी बरोबर नसली, तरी गाडीत तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजता येतात: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली.

दुसरी गोष्ट, जवळ कोणीतरी बसावे. आपणांस संगीत येत नसले तरी हरकत नाही. उलट ‘मला शिकव’ असे म्हणणारी आजी हा मुलाचा सर्वांत चांगला विद्यार्थी. बोटे जेथे अडखळतात तेवढाच तुकडा, भात्याचा वेग सांभाळून, पाच वेळा संथ लयीत वाजवून घ्यावा. आरंभापासून शेवटपर्यंत घाईने दहा वेळा वाजविल्याने चूकच पक्की होते.

तिसरी गोष्ट, वाद्य हाताशी असावे. पातळ कापडाने झाकलेली पेटी बैठकीच्या कोपऱ्यात असली तर मूल जाता-येता दोन स्वर वाजविते. डोक्यावरच्या फळीवरून ती उतरवून घ्यावी लागली, तर तेवढेच निमित्त टाळाटाळीला पुरते.

आणि दोन गोष्टी टाळाव्यात. आलेल्या पाहुण्यांपुढे मुलाला बळेच वाजवावयास लावू नये, आणि खोडीबद्दल शिक्षा म्हणून रियाझ सांगू नये. शेजारच्या मुलाशी तुलना न करता ‘काल अडत होतास, आज तो आरोह न थांबता आला’ एवढे म्हणावे. परीक्षेच्या प्रमाणपत्रापेक्षा मुलाला या एका वाक्याचा आधार अधिक वाटतो.

शेवटी एक मनातले. आपल्या गणेशोत्सवात आरतीला पेटीवर बसणारे हात आता साठीपलीकडचे आहेत. ते हात थकले म्हणजे आरती ध्वनिमुद्रित लावता येईल, यात शंका नाही. परंतु ध्वनिमुद्रण आपल्यासाठी थांबत नाही; म्हाताऱ्या आवाजासाठी लय थोडी सैल करीत नाही, कोणा बालकाने कडवे चुकविले तर त्याला सांभाळून घेत नाही. ते जिवंत हातच करतात. परप्रांतात आपण पन्नास वर्षे एकत्र गात आलो, ते अशा हातांच्या साथीवर. पुढचे हात घडावयाचे ते आपल्या बैठकीत, रोजच्या पंधरा मिनिटांत.

तेव्हा आज घरी गेल्यावर कपाटावरची पेटी खाली उतरवावी, धूळ पुसावी आणि उद्या दिवेलागणीला मुलाजवळ बसावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.