मोटारीतील ध्वनी आणि मराठी शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मोटारगाडीतील ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो आहोत, हे काहींना विजोड वाटण्याचा संभव आहे. शिवाय आम्ही पडलो बी. ए.; उमेदीचा सारा काळ केंद्र सरकारच्या फायलींत गेलेला. तथापि याच नगरीच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झालेले चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या वित्त खात्यात रुजू झाले आणि पुढील दहा वर्षे कचेरीचे काम सांभाळून कलकत्त्यास ध्वनिशास्त्राचे प्रयोग करीत राहिले. मृदंग आणि तबला यांच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचा नाद सुरेल कसा होतो, याचा उलगडा त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या पायरीशी उभे राहण्याचीही आमची योग्यता नाही. पण फायली हाताळणाऱ्याने ध्वनीविषयी बोलू नये असा नियम नाही, एवढाच आधार आम्ही त्यांच्यापासून घेतो.

आता हा विषय मंडळाचा कसा, ते सांगतो. चेन्नईतील मराठी कुटुंबांतील मुलांचा दिवस इंग्रजी आणि तमिळ यांत जातो. मराठी त्यांच्या कानी पडते ती घरात आणि मोटारीत. शाळेच्या वाटेवर, महाबलीपुरम किंवा तंजावरच्या प्रवासात अभंग, भावगीते, नाट्यपदे लावली जातात, तेव्हा मागच्या सीटवर बसलेले मूल नकळत भाषा शिकत असते. तमिळ भाषेचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. आपला ‘ळ’ तिने आपल्या मुलांना आयता दिला. परंतु ख, घ, ध, भ हे महाप्राण तमिळात नाहीत. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील दोन निराळे ‘च’ही मुलास मराठी ऐकूनच कळावयाचे. ते त्याच्या कानापर्यंत पोहोचतात की नाहीत, हा आमच्या मते मोटारीतील ध्वनियोजनेचा मुख्य प्रश्न आहे.

स्वरांचे बळ खालच्या आणि मधल्या कंपनसंख्यांत असते. स, श, च, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा अंश मुख्यतः २,००० हर्ट्झच्या वर असतो आणि तो मुळातच नाजूक असतो. उलट इंजिनाची घरघर व रस्त्याचा आवाज खालच्या पट्टीत भरलेला असतो. त्या गोंगाटात सबवूफरची धडधड मिसळली की शब्द बुडतात. गीतरामायणाची ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ती लहानशा रेडिओच्या एकाच स्पीकरवर ऐकली गेली. त्यात खर्ज नव्हता, झणत्कार नव्हता. तरीही घरोघरी ती पाठ झाली. आवाजाचा मधला पट्टा शाबूत होता, म्हणून शब्द शाबूत राहिले.

अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचे नाव ‘मोटोरोला’ ठेवले, तेव्हापासून मोटार आणि संगीत यांची सोबत आहे. आज माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर गेले की खोक्यांवर वॅटचे मोठमोठे आकडे दिसतात. त्यांना भुलण्यापूर्वी थोडे गणित करावे. इंजिन चालू असता गाडीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. केवळ त्यांच्या बळावर चालणारा डॅशबोर्डवरील संच ४ ओहमच्या स्पीकरला अखंड २० वॅटच्या आसपासच शक्ती देऊ शकतो. खोक्यावर ५० लिहिले असेल तर तो क्षणिक कमाल आकडा समजावा. वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये हे व्होल्ट आतल्या आत वाढविण्याची योजना असते, म्हणून त्याची खरी शक्ती अधिक. ती अखंड किती, म्हणजे ‘आरएमएस’ किती, हाच आकडा विचारावा. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी वाढतात केवळ ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे जादा वॅटचा खरा उपयोग मोठ्या आवाजासाठी नसून, गायकाने वरचा षड्ज लावला असता आवाज न फाटावा यासाठी आहे.

स्पीकरकडे वळू. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाराच्या पत्र्यातील भोकांतून या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खर्ज नाहीसा होतो. म्हणून महागडा स्पीकर घेण्यापूर्वी दाराची भोके बंद करून पत्र्याला आतून जाड डांबरी किंवा रबरी थर चिकटवावा. पत्र्याची थरथर थांबते, बाहेरचा गोंगाटही घटतो. खर्च थोडा, गुण मोठा.

दुसरी बाब जोडणीची. सर्व स्पीकरांची धन व ऋण टोके सारखीच जोडलेली असली पाहिजेत. एक जरी उलटा झाला, तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि आवाज पोकळ होतो. खुणा पुसल्या असल्यास दीड व्होल्टची साधी बॅटरी क्षणभर टोकांना लावावी. पडदा बाहेर आला तर बॅटरीचे धन टोक ज्याला लावले तेच स्पीकरचे धन टोक.

तिसरी बाब अंतराची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या जवळ, डावा दूर. चेन्नईच्या उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या फरकास दोन सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण प्रथम पोहोचणाऱ्या लाटेच्या दिशेनेच ध्वनी आला असे कान मानतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखविले. म्हणून सारे गाणे उजव्या दारातून येते असा भास होतो. आजच्या अनेक संचांत जवळच्या स्पीकरला किंचित विलंब देण्याची सोय असते. अंतर फीतपट्टीने मोजून ती वापरावी. गायक मग डॅशबोर्डच्या मधोमध बसून गातो आहेसे वाटते. ट्वीटर काचेलगतच्या खांबावर, कानाच्या उंचीजवळ बसवावेत. पायाशी ठेवलेला ट्वीटर व्यंजने गालिच्याला ऐकवितो.

जाणकार शौकीन मागचे स्पीकर पुष्कळदा काढूनच टाकतात, कारण समोरच्या श्रोत्यास त्यांचा अडथळा होतो. आमचे मत याबाबत भिन्न आहे. आपला महत्त्वाचा श्रोता मागे बसलेला आहे. तेव्हा मागचे स्पीकर ठेवावेत, मात्र मंद आणि खर्जाविना.

आता जुळवणी. ॲम्प्लिफायरवरील ‘गेन’ ही आवाज वाढविण्याची चावी नव्हे. संचाचा संकेत आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालणारी ती चावी आहे. बास, ट्रेबल शून्यावर ठेवावेत, संचाचा आवाज पाऊण मर्यादेपर्यंत न्यावा, ओळखीचे स्वच्छ गाणे लावून गेन हळूहळू वाढवावा. आवाज फाटू लागताच थोडा मागे घ्यावा आणि तेथेच सोडून द्यावा. दारातील स्पीकरांना सुमारे ८० हर्ट्झच्या खालचे ध्वनी देऊ नयेत. ते काम सबवूफरचे. सबवूफर असलाच तर तो आहे हे कळू नये, बंद केल्यावरच उणीव भासावी, इतकाच ठेवावा.

वायरिंगच्या बाबतीत तर तडजोड मुळीच करू नये. ॲम्प्लिफायरची वीज बॅटरीवरून थेट जाड वायरने आणावी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवावा. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी आहे. पत्र्याला घासून वायर सोलली गेली तर गाडीस आग लागण्यापासून तोच वाचवितो. अर्थची वायर आखूड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळावी. संकेताची वायर विजेच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. नाहीतर इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

आपल्या शहराचे काही निराळेच धर्म आहेत. वैशाखातील उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. ॲम्प्लिफायरभोवती हवा खेळती हवी. समुद्राची खारी हवा तांब्याची टोके हिरवी करते. वर्षातून एकदा ती उघडून साफ करावीत. आणि डिसेंबर २०१५ व डिसेंबर २०२३ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना सीटखालच्या गालिच्यावर ॲम्प्लिफायर ठेवू नये हे वेगळे सांगावयास नको. तो डिकीत, जमिनीपासून उंच फळीवर बसवावा.

शेवटी कानांविषयी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंतच सोसावा, असे तज्ज्ञांचे मान आहे. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात अवघी पंधरा मिनिटे. गेलेले श्रवण परत येत नाही, आणि प्रथम जातात ते वरचेच सूक्ष्म ध्वनी, म्हणजे नेमकी आपली व्यंजने. ज्या यंत्रातून मुलांना मराठी ऐकवावयाची, त्याच यंत्राने ती ऐकण्याची शक्ती हिरावून घ्यावी, याहून मोठा विपर्यास तो कोणता?

सारी जुळवणी झाली की एक साधी परीक्षा घ्यावी. इंजिन चालू ठेवून, बेताच्या आवाजात मुलाने पूर्वी न ऐकलेले एखादे मराठी कथाकथन लावावे आणि मागे बसलेल्या मुलास एकेक वाक्य परत म्हणावयास सांगावे. त्याने ‘घर’ला ‘गर’ आणि ‘भात’ला ‘बात’ म्हटले, तर त्याला रागावण्यापूर्वी बास दोन घरे खाली आणावा आणि पुन्हा ऐकवावे. मंडळाने पन्नास वर्षे जी भाषा या नगरीत जपली, ती पुढच्या पन्नास वर्षांत मुलांच्या कानांवाटेच जाणार आहे. तो मार्ग मोकळा ठेवणे आपणा प्रत्येकाच्या हाती आहे.