विभक्त आईबाप आणि मुलाचा हक्क
(पंढरपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंढरपूर हे आषाढी-कार्तिकीचे गाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु या गावाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची आठवण आपण क्वचितच करतो. 1875 साली लालशंकर उमियाशंकर यांनी येथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे प्रार्थना समाजाने ते चालविले. त्यापूर्वी 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास असेच गृह उघडले होते. विधवेच्या पोटी आलेले मूल रूढीच्या भयाने टाकून देण्यात येई. त्याला आपले म्हणणारे कोणी नसे.

आज मी ज्या मुलाविषयी बोलणार आहे, त्याची अवस्था याच्या अगदी उलट आहे. त्याला आपले म्हणणारे दोघे आहेत. पण ते दोघे एकमेकांपासून विभक्त होत आहेत. एक मूल कोणालाच नको होते, दुसरे दोघांनाही हवे आहे. तरीही दोघांचे दुःख एकाच कारणातून उद्‌भवते. ते कारण असे की, मोठी माणसे स्वतःच्या अब्रूचा विचार आधी करतात आणि मुलाचा मागाहून.

नवराबायकोचे पटेनासे झाले की घरोघरी कोणती भाषा ऐकू येते? बापाकडची मंडळी म्हणतात, "मूल आमच्या वंशाचे आहे, ते आम्ही सोडणार नाही." आईकडची मंडळी म्हणतात, "नऊ महिने पोटात हिने वाढविले, त्यांचा काय संबंध?" मग वकिलाकडे धाव घेतली जाते आणि 'ताबा' मागितला जातो. या शब्दाचा जरा विचार करा. शेताचा ताबा असतो, घराचा ताबा असतो. तोच शब्द आपण मुलाला लावतो आणि नकळत त्याला मालमत्तेच्या यादीत नेऊन बसवितो. माझे म्हणणे एवढेच आहे की, मूल ही वाटून घ्यावयाची वस्तू नव्हे. वाटून घ्यावयाची आहे ती आईबापांची जबाबदारी. संयुक्त ताबा म्हणजे दुसरे काही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1890 चा पालक आणि पाल्य अधिनियम अजून चालू आहे. त्याच्या जोडीला 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. हिंदू कोड बिलाचे जे तुकडे करून निरनिराळे कायदे करण्यात आले, त्यांतील हा एक. ते बिल रखडविण्यात आले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जाणताच. हा कायदा 25 ऑगस्ट 1956 रोजी अमलात आला, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या बरोबर पन्नास दिवस आधी. त्याच्या कलम 6 मध्ये बाप हा पहिला नैसर्गिक पालक आणि "त्याच्यानंतर" आई, असा क्रम आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असेही तेथे म्हटले आहे. परंतु कलम 13 या सर्वांच्या वरचे आहे. मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार, असे ते कलम बजावते. पुढे 1999 साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने "त्याच्यानंतर" या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. बाप मेल्यानंतरच आई पालक होते असे नाही. बाप गैरहजर असेल किंवा मुलाविषयी बेफिकीर असेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक ठरते.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते, कारण तो आपल्या लोकांना भिवविण्यासाठी वापरला जातो. नवराबायकोपैकी एकाने बुद्ध धम्म स्वीकारला आणि दुसऱ्याने स्वीकारला नाही, तर धम्म स्वीकारणाऱ्यास सांगण्यात येते, "तू धर्म सोडलास, आता मुलावर तुझा हक्क उरला नाही." या धमकीला आधार म्हणून त्याच कायद्यातील एक वाक्य दाखविले जाते. हिंदू राहिला नाही तो नैसर्गिक पालक राहू शकत नाही, असे ते वाक्य आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम 3 दाखविले जात नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे आणि त्यातील 'हिंदू' या शब्दात त्यांचा समावेश समजावयाचा आहे, असे ते कलम सांगते. आपण स्वतःस हिंदू म्हणवीत नाही, हा आपल्या श्रद्धेचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न आहे. पण दीक्षा घेतल्याने कोणत्याही मातेचे किंवा पित्याचे पालकत्व या कायद्याखाली जात नाही. ही गोष्ट प्रत्येक घरी माहीत असली पाहिजे.

आता संयुक्त ताबा प्रत्यक्षात कसा चालतो? आपल्या कायद्यात या नावाचे स्वतंत्र कलम नाही. विधी आयोगाने 2015 साली आपल्या 257 व्या अहवालात अशी तरतूद करण्याची शिफारस केली. ती अद्याप संसदेने कायद्यात उतरविलेली नाही. तथापि, मुलाच्या हिताचे असेल तर न्यायालये आईबापांच्या संमतीने किंवा स्वतःच्या विचाराने असा आदेश देतात. यात दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखावयाच्या असतात. मूल कोठे राहील, ही एक. त्याच्या आयुष्यातील मोठे निर्णय कोण घेईल, ही दुसरी. मूल एकाच घरी अधिक काळ राहिले, तरी शाळा, शस्त्रक्रिया, पारपत्र यांविषयीचे निर्णय दोघांनी मिळून घ्यावयाचे, अशी व्यवस्था होऊ शकते. संयुक्त म्हणजे दिवसांची बरोबर अर्धी वाटणी, हा समज चुकीचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आई पंढरपुरास राहते आणि बाप नोकरीनिमित्त पुण्यास. मुलगी नऊ वर्षांची असून पंढरपूरच्या शाळेत तिसरीत शिकते. तिला एक आठवडा येथे आणि एक आठवडा तेथे ठेवले, तर तिची शाळा बुडेल. म्हणून शाळा चालू असता तिने आईजवळ राहावे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार तिने बापाकडे असावे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी अर्धी-अर्धी वाटावी. वैशाखी पौर्णिमा एका वर्षी इकडे, तर दुसऱ्या वर्षी तिकडे व्हावी. मुलीला कोणी, कोठे आणि किती वाजता पोहोचवावे, हेही लिहून ठेवावे. आषाढीच्या गर्दीत एस. टी. स्थानकावर मूल हाती देणे धोक्याचे असते. त्या आठवड्याची सोय आधीच ठरवावी. आठवड्यातून ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर बोलणे व्हावे. 2020 साली यशिता साहू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि जो पालक दूर आहे त्याला दृक्‌श्राव्य संभाषणानेही मुलाशी संपर्क ठेवता आला पाहिजे.

खर्चाचे काय? मुलांचे पालनपोषण करणे हे आई आणि बाप दोघांचेही कर्तव्य 1956 च्याच दुसऱ्या एका कायद्याने ठरविले आहे. संयुक्त ताबा मागितला म्हणजे पोटगी चुकली, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी तो भ्रम सोडावा. तसेच, पैसे थकले म्हणून भेट बंद करणे, किंवा भेट झाली नाही म्हणून पैसे बंद करणे, हेही गैर आहे. दोन्ही प्रकारांत दंड मुलालाच होतो.

हा मार्ग सर्वांसाठी आहे, असेही मी म्हणत नाही. ज्या घरात मारहाण आहे, दारूपायी मुलाच्या जिवाला धोका आहे, तेथे समानतेच्या नावाखाली मुलाला पुन्हा त्याच दारात उभे करणे हा अन्याय होय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात आणि मुलास अपाय होण्याचा संभव असल्यास भेटही नाकारू शकतात. सहकार्य हे दोन समान माणसांत होते. भय दाखविणारा आणि भिणारी यांच्यात होत नाही.

मग करावे काय? प्रथम, जातपंचायतीत किंवा मुद्रांक कागदावर मुलाची सोडवणूक करू नका. अशा कागदाने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत आणि मुलाचे हित साधत नाही. मूल जेथे सामान्यतः राहते तेथील कुटुंब न्यायालयात, आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करावयाचा असतो. परस्परसंमतीने घटस्फोट होत असेल, तर त्याच अर्जात मुलाची व्यवस्था तपशिलाने लिहा. मूल समजत्या वयाचे असेल, तर न्यायालय त्याची इच्छा विचारात घेऊ शकते. असा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. अपिलासाठी आता सोलापूर जिल्ह्यातील माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातींची माणसे यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही तो आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

शेवटी एक प्रसंग सांगतो. महावग्गात राहुलाच्या प्रव्रज्येची कथा आहे. राहुल संघात गेला तेव्हा वृद्ध शुद्धोदन व्याकूळ झाला. पुत्रवियोगाचे दुःख त्याने आधी सोसले होते, आता नातूही गेला. त्याने तथागतांस विनविले की, यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलास प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती विनंती मान्य केली आणि तसा नियम घालून दिला. नियम मातापित्यांच्या अनुमतीचा आहे, हे ध्यानात घ्या. एकट्या पित्याचे नाव त्यात नाही. जेथे स्वतः बुद्धाने मुलाच्या बाबतीत आईबापांचे म्हणणे ऐकणे आवश्यक मानले, तेथे आपण रागाच्या भरात एकाचे नाव मुलाच्या आयुष्यातून पुसून टाकावे काय?

नवराबायको हे नाते न्यायालयाच्या आदेशाने संपते. आईबाप हे नाते कोणत्याही आदेशाने संपत नाही. तुमच्या शेजारी, तुमच्या नात्यात असा तंटा उभा राहिला, तर कोणाची बाजू घ्यावयाची हे विचारण्याआधी त्या मुलाला कोणीतरी जवळ घेऊन सांगा की, यात तुझी काही चूक नाही. तेथूनच कामाला आरंभ करा. एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो.