विमा कंपनीची पत

विम्याचा व्यवहार इतर खरेदीविक्रीहून एका बाबतींत अगदीं निराळा आहे. कापड घेणारा गृहस्थ पैसे मोजतो व ठाण बगलेंत मारून घरीं येतो. विमा घेणारा वर्षानुवर्षें हप्ते भरतो, आणि त्याच्या हातीं राहतो तो एक कागद. त्यावरील वचन खरें कीं खोटें, हें कळण्याची वेळ वीसतीस वर्षांनीं येते. आणि ती येते तेव्हां ज्यानें हप्ते भरले तो कर्ता पुरुष बहुधा हयात नसतो. गांवच्या सावकाराची पत पेठेंतील लोक त्याच्या वागणुकीवरून ओळखीत. पण हजार कोसांवरील कचेरीची पत सामान्य विमेदारानें ओळखावी कशी?

हें काम अमेरिकेंत आल्फ्रेड बेस्ट या गृहस्थानें १८९९ सालीं न्यूयॉर्क येथें धंदा म्हणून आरंभिलें. विमा कंपन्यांची माहिती मिळवावयाची, ती पारखावयाची आणि छापून विकावयाची, असा तो उद्योग. त्याचें महत्त्व लोकांच्या ध्यानीं आलें तें सॅन फ्रान्सिस्कोच्या अनर्थानें. १९०६ च्या एप्रिलमध्यें १८ तारखेस पहांटे त्या शहरास भूकंपाचा धक्का बसला, आणि त्यापाठोपाठ लागलेली आग भूकंपाहूनहि भयंकर ठरली. सुमारें २८,००० इमारती नष्ट झाल्या. विमापत्रें आगीचीं होतीं, भूकंपाचीं नव्हतीं. तेव्हां घर आधीं पडलें कीं आधीं जळलें, हा वाद राखेच्या ढिगावर उभें राहून करण्याची पाळी विमेदारांवर आली. लंडनच्या लॉइड्समधील कथबर्ट हीथ यानें विमापत्रांतील शब्दांकडे न पाहतां सर्वांस पूर्ण पैसे द्यावेत, असें तारेनें कळविलें. कित्येक कंपन्यांनीं घासाघीस करून रक्कम कमी केली, कांहींनीं हात वर केले, आणि कांहीं तर स्वतःच बुडाल्या. त्याच शहरांतील फायरमन्स फंड या कंपनीनें कांहीं रोख व कांहीं आपल्या भागांच्या रूपानें देऊन कशीबशी अब्रू राखली. या भरपाईचा तपशील देणारा खास अहवाल बेस्टच्या संस्थेनें छापला. आंकड्यांच्या पुस्तकांत इतकें मनुष्यस्वभावाचें दर्शन क्वचितच घडतें.

आज ही संस्था, तशाच मूडीज, स्टँडर्ड अँड पुअर्स व फिच या संस्था, विमा कंपन्यांस अक्षरांनीं श्रेणी देतात. कंपनीजवळ भांडवल किती, देण्यांसाठीं बाजूस काढलेली रक्कम पुरेशी आहे कीं नाहीं, पैसा कोठें गुंतविला आहे, चालक कसे आहेत, हें सर्व त्यांत पाहिलें जातें.

पण पारख करणाराहि चुकतो. कॅलिफोर्नियांतील एक्झिक्युटिव्ह लाइफ या कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत विमेदारांचा पैसा मोठ्या प्रमाणांत जादा व्याजाच्या पण कच्च्या रोख्यांत घातला. व्याज येत होतें तोंवर श्रेणीहि उत्तम होती. रोख्यांचा बाजार कोसळला, श्रेणी उतरली, आणि ती उतरतांच पैसे काढून घेण्यास झुंबड उडाली. १९९१ च्या एप्रिलमध्यें सरकारी विमा-आयुक्तानें कंपनी ताब्यांत घेतली. यांत कींव येते ती निवृत्त कामगारांची. त्यांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी मालकांनीं परस्पर या कंपनीकडे सोंपविली होती. कंपनी त्यांनीं निवडलेली नव्हती. कात्री मात्र त्यांच्या दरमहाच्या रकमेस लागली.

खरें दुखणें पुढेंच आहे. श्रेणी देणाऱ्या संस्थेची फी बहुधा जिची श्रेणी ठरवावयाची ती कंपनीच देते. परीक्षकाचें वेतन परीक्षार्थ्यानें ठरवून द्यावें, अशी शाळा कोणी पाहिली आहे काय? संस्था म्हणतात कीं, एकदां नांव गेलें तर धंदाच जाईल, म्हणून खोटें सांगणें त्यांस परवडणार नाहीं. हें उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. पण पुरेसेंहि नाहीं.

शिवाय श्रेणी हा नुसता आरसा राहत नाहीं. अमेरिकन इंटरनॅशनल ग्रुप या प्रचंड विमा-समूहाच्या एका शाखेनें दुसऱ्यांच्या कर्जांची हमी घेणारे करार केले होते, आणि समूहाची श्रेणी उतरल्यास तारण वाढवून देण्याची अट त्यांत होती. २००८ च्या १५ सप्टेंबरला तीन मोठ्या संस्थांनीं श्रेणी उतरविली. तारणाची मागणी वाढली. दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेस ८५ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देण्याचें मान्य करावें लागलें. तापमापकानेंच ताप चढवावा, तसा हा प्रकार झाला.

मुंबईसहि याची झळ लागली आहे. विमा कंपन्या आपली जोखीम पुन्हां दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे उतरवितात, तो पुनर्विमा. मुंबईच्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनची श्रेणी बेस्टच्या संस्थेनें २०२० सालीं ‘ए वजा’ वरून ‘बी प्लस प्लस’ वर आणली, व २०२४ सालीं पुन्हां वर नेली. दिसावयास हें एका अक्षराचें अंतर. पण ‘ए वजा’ च्या खालच्या संस्थेशीं पुनर्विमा न करणाऱ्या कंपन्या परदेशांत पुष्कळ आहेत.

घरगुती विमेदारास मात्र अक्षरांपेक्षां दोन साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात. आयुर्विमा महामंडळाच्या विमापत्रांस १९५६ च्या कायद्यान्वयें केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांस अशी हमी नाहीं. त्यांच्याजवळील शिल्लक कायद्यानें ठरविलेल्या मापाच्या निदान दीडपट असावी, असा नियामकांचा दंडक आहे. हें प्रमाण प्रत्येक कंपनीस दर तिमाहीस जाहीर करावें लागतें, आणि तें पाहण्यास कोणाची शिफारस लागत नाहीं.