लॉर्ड क्लॅरेंडन : राजनिष्ठा आणि कायदा

मुंबई बेट पोर्तुगिजांनीं इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून दिलें, ही गोष्ट आपल्याकडे शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असते. परंतु ज्या विवाहामुळें तें दिलें गेलें, त्या विवाहाची वाटाघाट चालूं असतां इंग्लंडच्या राज्यकारभाराचीं सूत्रें कोणाच्या हातांत होतीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तो पुरुष म्हणजे लॉर्ड चॅन्सेलर एडवर्ड हाइड, क्लॅरेंडनचा पहिला अर्ल. वकिलीच्या धंद्यांतून तो राजाचा प्रधान झाला, त्याची कन्या राजघराण्यांत गेली, आणि अखेरीस स्वतः तो परक्या देशांत हद्दपारींत मेला. सतराव्या शतकांतील इंग्लंडचा सारा कलह एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयाचा असेल, तर याच्याइतकें सोयीचें चरित्र दुसरें क्वचितच सांपडेल.

हाइडचा जन्म १६०९ सालीं विल्टशायर परगण्यांतील डिंटन या गांवीं एका साधारण जमीनदाराच्या घरीं झाला. तो तिसरा मुलगा असल्यामुळें त्यानें धर्मोपदेशक व्हावें, असा घरचा बेत होता. परंतु दोघे वडील बंधु वारल्यावर तो बेत बदलला, आणि ऑक्सफर्ड येथील शिक्षण संपवून तो लंडनच्या मिडल टेंपल या संस्थेंत कायदा शिकूं लागला. वकिलीइतकाच विद्वानांच्या संगतीचाहि त्याला नाद होता. ऑक्सफर्डपासून जवळच ग्रेट ट्यू येथें लॉर्ड फॉकलंड या तरुण उमरावाचें घर होतें. तेथें पंडित, कवि आणि धर्मशास्त्री जमत, आणि मतभेद असूनहि सभ्यपणें वाद करीत. मतें कितीहि भिन्न असलीं तरी माणसें एका पंक्तीला बसूं शकतात, हा त्या घरचा धडा हाइडला पुढें फार दुःखाच्या काळांत आठवला.

पहिल्या चार्लस राजानें १६२९ पासून अकरा वर्षें पार्लमेंट बोलाविलें नव्हतें. पैशाची नड भागविण्यासाठीं त्यानें जहाजपट्टी नांवाचा कर पार्लमेंटच्या संमतीवांचून बसविला, आणि १६३८ सालीं बारांपैकीं सात न्यायाधीशांनीं राजाच्या बाजूनें कौल दिला. पुढें १६४० सालीं पार्लमेंट भरलें, तेव्हां या अन्यायाविरुद्ध ज्यांनीं आवाज उठविला, त्यांत हाइड हा सभासद पुढें होता. न्यायाधीशच कायदा वांकवूं लागले तर प्रजेनें कोणाकडे पाहावें, हा त्याचा प्रश्न होता. तेव्हां, पुढें राजपक्षाचा आधारस्तंभ ठरलेला हा गृहस्थ आरंभीं राजाच्या जुलमाचा टीकाकार होता, हें विसरतां कामा नये.

परंतु एका वर्षाच्या आंत वाऱ्याची दिशा बदलली. राजानें जहाजपट्टीसारखे जाचक अधिकार सोडून दिले. तरी पार्लमेंटमधील जहाल पुढाऱ्यांचें समाधान होईना. नोव्हेंबर १६४१ मध्यें राजाच्या साऱ्या अपराधांची लांबलचक यादी त्यांनीं सभेपुढें मांडली, आणि रात्रीं उशिरापर्यंत वाद होऊन १५९ विरुद्ध १४८ अशा अवघ्या अकरा मतांनीं ती मंजूर झाली. हाइडनें तिला कसून विरोध केला. त्याचें म्हणणें असें कीं, राजानें कायदा मोडला तेव्हां त्याला अडविलें तें योग्यच झालें. पण आतां पार्लमेंटच कायदा मोडूं पाहत आहे, तर त्यालाहि अडविलें पाहिजे. मग गुप्तपणें तो राजाला उत्तरें लिहून देऊं लागला. त्याच राजानें जानेवारी १६४२ मध्यें कोणास न विचारतां शिपाई घेऊन पांच सभासदांना पकडण्यासाठीं सभागृहांत पाऊल टाकलें, आणि हाइडच्या साऱ्या मसलतीवर पाणी पडलें. त्याच वर्षीं यादवी युद्ध पेटलें. त्याचा जिवलग मित्र फॉकलंड हा सप्टेंबर १६४३ मध्यें न्यूबरीच्या रणांगणावर पडला. ग्रेट ट्यू येथील तें गोकुळ कायमचें उजाड झालें.

राजपक्षाचा पाडाव होत आला, तेव्हां हाइड युवराजाबरोबर १६४६ मध्यें सिली बेटांत व तेथून जर्सी बेटांत गेला. सिली येथेंच त्यानें या युद्धाचा इतिहास लिहावयास घेतला. जानेवारी १६४९ मध्यें पहिल्या चार्लसचा शिरच्छेद झाला, आणि युवराज हा राज्यावांचून राजा बनला. यानंतरचीं वर्षें अत्यंत हलाखीचीं होतीं. माद्रिदच्या दरबारीं केलेली वकिली फळास आली नाहीं. घरांत सरपण आणि अन्न यांचीहि वानवा असे. तरीहि परकी फौज आणून गादी मिळविण्याचे उतावळे बेत हाइड नाकारीत राहिला. इंग्लंडची प्रजाच एक दिवस राजाला परत बोलावील, असा त्याचा विश्वास होता. आणि मे १६६० मध्यें तो अक्षरशः खरा ठरला. त्यापूर्वीं ब्रेडा येथून काढलेल्या जाहीरनाम्यांत क्षमेचें वचन दिलेलें होतें, आणि परतल्यावर तें बहुतांशीं पाळलें गेलें. पहिल्या राजाच्या वधांत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता अशांपैकीं कांहीं लोक सोडले, तर वीस वर्षांच्या वैराचा हिशेब रक्तानें चुकता करण्यांत आला नाहीं. यांत हाइडचा वांटा मोठा होता.

आतां तो वैभवाच्या शिखरावर पोंचला. १६६१ मध्यें तो क्लॅरेंडनचा अर्ल झाला. त्याची कन्या अ‍ॅन हिनें राजाचा भाऊ जेम्स याच्याशीं गुपचूप लग्न लावलें होतें. हें कळतांच बापाला आनंद होण्याऐवजीं संताप आला. कारण प्रधानानें आपली मुलगी राजघराण्यांत घुसविली, असें जग म्हणणार, हें तो जाणून होता. तसेंच झालें. मात्र याच विवाहामुळें त्याच्या दोन नाती, मेरी आणि अ‍ॅन, पुढें इंग्लंडच्या राण्या झाल्या.

पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशीं राजाच्या विवाहाचा करारहि १६६१ मध्यें झाला. आंदणांत रोख रकमेखेरीज टँजियर शहर आणि मुंबई बेट होतें. टँजियरचें महत्त्व लंडनला कळत होतें. मुंबई नेमकी कोठें आहे, याचें ज्ञान मात्र अंधुक होतें. मुंबई ब्राझीलच्या जवळपास असावी, अशी खुद्द क्लॅरेंडनची समजूत होती, असें मुंबईच्या इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. ताबा घेण्यास आलेल्या सर अब्राहम शिपमन याला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं बेट दिलें नाहीं. तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मरण पावला, आणि १६६५ मध्यें हम्फ्री कुक यानें ताबा घेतला. मार्च १६६८ मध्यें राजानें तें बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. तोपर्यंत क्लॅरेंडन इंग्लंडांत उरला नव्हता.

त्याच्या पतनाचीं कारणें अनेक होतीं. राष्ट्रीय चर्चबाहेरच्या पंथांना जखडणारे चार कायदे १६६१ ते १६६५ या काळांत झाले. ते सर्व त्याच्या मनाजोगे नव्हते. तरी त्यांना नांव मात्र त्याचेंच चिकटलें. डंकर्क बंदर फ्रान्सला विकलें गेलें तेव्हां त्यानें लांच खाल्ला, असा बोभाटा झाला, आणि पिकॅडिली येथें त्यानें बांधलेल्या टोलेजंग वाड्याला लोक ‘डंकर्क हाउस’ म्हणूं लागले. डच लोकांशीं युद्ध करूं नये असें त्याचें मत होतें. पण १६६७ च्या जून महिन्यांत डच आरमारानें मेडवे नदींत शिरून इंग्रजी जहाजें जाळलीं, आणि ज्या जहाजांतून १६६० मध्यें राजा परत आला होता तें ‘रॉयल चार्लस’ ओढून नेलें, तेव्हां दोष त्याच्याच माथीं आला. १६६५ ची प्लेगची सांथ आणि १६६६ ची लंडनची आग यांनीं जनता आधींच गांजलेली होती. दरबारांतील तरुण मंडळी त्याच्या चालीची नक्कल करून राजाला हंसवीत. आणि वारंवार उपदेश करणारा म्हातारा प्रधान राजालाहि नकोसा झाला होता. ऑगस्ट १६६७ मध्यें त्याची पत्नी वारली, आणि त्याच महिन्यांत राजानें त्याच्याकडून राजमुद्रा काढून घेतली.

यानंतर पार्लमेंटनें त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आणला. त्यांतील बरेंचसें द्वेषमूलक होतें. पण एक कलम खरोखर बोंचणारें होतें. कैद्यांना कायद्याचा हात पोंचूं नये म्हणून दूरच्या बेटांवर पाठविण्याचा सल्ला त्यानें दिला, असें तें कलम होतें. सत्तावीस वर्षांपूर्वीं ज्यानें न्यायाची पायमल्ली झाली म्हणून न्यायाधीशांना जाब विचारला, त्याच्यावरच हा आरोप यावा, ही त्याच्या चरित्रांतील सर्वांत कठोर गोष्ट होय. ही पळवाट पुढें १६७९ च्या हेबिअस कॉर्पस कायद्यानें बंद झाली. राजाची इच्छा ओळखून नोव्हेंबर १६६७ मध्यें तो फ्रान्सला निघून गेला, आणि मागोमाग त्याच्या आजन्म हद्दपारीचा कायदा झाला. फ्रान्समध्येंहि एव्हरू येथें इंग्रज खलाशांनीं त्याच्यावर हल्ला करून त्याला जखमी केलें.

संधिवातानें जर्जर झालेल्या त्या वृद्धानें या दुसऱ्या विजनवासांत लेखणी पुन्हा हातीं धरली, आणि जुना अपुरा इतिहास व आत्मचरित्र यांचा मेळ घालून आपला महान ग्रंथ पुरा केला. शत्रु असलेल्या क्रॉमवेलचें शौर्य व कर्तृत्व त्यांत त्यानें मोकळेपणानें मान्य केलें आहे, आणि फॉकलंडचें शब्दचित्र मित्रप्रेमानें ओथंबलेलें आहे. मायदेशीं येऊन मरण्याची परवानगी त्यानें मागितली. ती मिळाली नाहीं. डिसेंबर १६७४ मध्यें रूआं येथें त्याचा अंत झाला. त्याच वर्षीं जून महिन्यांत, ज्या मुंबईचा ठावठिकाणा त्याला धड ठाऊक नव्हता, तेथून निघालेला हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास हजर होता.

मरणानंतर मात्र देशानें त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें जागा दिली. पिकॅडिलीचा वाडा १६८३ मध्यें जमीनदोस्त झाला. इतिहासग्रंथ १७०२ ते १७०४ या काळांत, त्याची नात अ‍ॅन गादीवर असतां, ऑक्सफर्ड येथें छापला गेला, आणि त्याच्या विक्रीच्या पैशाचा विनियोग तेथील विद्यापीठाच्या छापखान्यासाठीं बांधलेल्या इमारतीला झाला. ती ‘क्लॅरेंडन बिल्डिंग’ आजहि उभी आहे. राजाला कायद्याच्या मर्यादेंत ठेवावें आणि पार्लमेंटलाहि ठेवावें, हा त्याचा आग्रह दोन्ही पक्षांना रुचला नाहीं, आणि सत्ता हातीं आल्यावर त्याला स्वतःलाहि तो पुरता निभावतां आला नाहीं. तथापि पुढें १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर इंग्लंडनें जी राज्यव्यवस्था पत्करली, तिच्या मुळाशीं हाच विचार होता. आणि त्या व्यवस्थेंत गादीवर बसलेली पहिली राणी त्याचीच नात होती.