नाव, गाव आणि इंटरनेटवरचा पत्ता

(हिंगोलीत तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या जिल्ह्यात "सलीम शेख कुठं राहतो?" असं विचारलं, तर समोरचा उलट विचारतो, "कुठला सलीम? कळमनुरीचा की वसमतचा?" नुसतं नाव पुरत नाही. गाव जोडलं की माणूस सापडतो. आज ज्या तंत्राबद्दल बोलायचं आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर सगळी नावं एकाच रजिस्टरमध्ये असतात, आणि रजिस्टर कंपनीचं. आम्ही मित्र रक्तदात्यांचं एक पेज चालवायचो. एका सकाळी ते बंद दिसलं. कारण कळलं नाही, तक्रारीला उत्तर नाही. त्याच आठवड्यात एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त लागलं. दाता ओळखीचा होता, पण त्याचा नंबर त्या पेजच्या मेसेजमध्ये अडकलेला. रात्री मोटारसायकलवर सेनगावला जाऊन त्याला शोधलं. दाते जागेवरच होते. त्यांच्याकडे जायचा रस्ता आमचा नव्हता.

नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातले बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले. मॅस्टोडॉन ही एक वेबसाइट नाही. स्वतंत्र चालणारे हजारो सर्व्हर आहेत. तिथला पत्ता ईमेलसारखा असतो: नाव आणि सर्व्हर, म्हणजे माणूस आणि गाव.

मग एका सर्व्हरला दुसऱ्यावरचा माणूस कसा सापडतो? त्यासाठी वेबफिंगर नावाची पद्धत आहे, २०१३मध्ये प्रमाणित झालेली. प्रत्येक सर्व्हरवर एका ठरलेल्या पत्त्यावर चौकशीची खिडकी असते. तिथं विचारायचं, "या नावाचं कुणी तुमच्याकडे आहे का?" उत्तरात प्रोफाइल कुठं आहे ते मिळतं. वसमतच्या माणसाची चौकशी वसमतलाच करायची, त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही.

आता कामाची गोष्ट. तुमचं स्वतःचं डोमेन असेल, तर ही खिडकी तिथं उघडता येते. एक छोटी फाइल पुरते. उद्या सर्व्हर बदलला, तर फाइलमधला पत्ता बदला. जुन्या नावानं शोधणाऱ्याला तुम्ही नव्या जागी सापडाल. ब्लूस्कायवर तर डोमेनच तुमचं नाव होऊ शकतं. त्यामागे एक कायमचा ओळख क्रमांक असतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. तुमचंच नाव दुसऱ्या सर्व्हरवर कुणीही घेऊ शकतं, म्हणून नेहमी पूर्ण पत्ता वाचा. आणि खिडकी सगळ्यांना उघडी असते. मोबाइल नंबर, घरचा पत्ता तिथं ठेवू नका. मुलींनी तर नाहीच.

आमच्या गटानं वर्गणी काढून डोमेन घेतलं. दात्यांची यादी मात्र वहीत आहे, दोन घरांत दोन प्रती. तुमच्या गटाचं पेज उद्या सकाळी बंद झालं, तर तुम्ही एकमेकांना कसं शोधाल? घरी जाण्याआधी एवढं ठरवा.