मशीन नवे, प्रश्न अडत्याचेच
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे चालले आहे. आम्ही मात्र आज एका लहानशा यंत्रावर बोलणार आहोत. ते तळहातावर मावते. शहरातले गिऱ्हाईक त्याला कार्ड टेकवते आणि त्याच्या खात्यातले पैसे आपल्या खात्याकडे निघतात. तुम्ही म्हणाल, ज्याच्या घरी कापूस आणि ज्वारी, त्याचा या यंत्राशी काय संबंध? संबंध कसा आला, तो आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, म्हणून तर सांगायलाच पाहिजे.

आमच्या तालुक्यात बाराजणींचा एक गट आहे. ज्वारीचे पोहे, रवा आणि घरी भरडलेली तूरडाळ त्या करतात. शहरातल्या एका प्रदर्शनात त्यांनी तीन दिवसांची जागा घेतली. पहिल्याच दिवशी एका बाईने अठराशे रुपयांचा माल पिशवीत भरून घेतला आणि विचारले, "मावशी, कार्ड चालतं ना?" कार्ड चालत नव्हते. पिशवी टेबलावर ठेवून बाई निघून गेल्या. संध्याकाळी एका कंपनीचा माणूस मशीन घेऊन हजर झाला. गटाने आम्हाला फोन केला, "भाऊ, घ्यायचं का?" आम्ही म्हणालो, "घेऊन टाका, घ्यायला काय जातं?"

काय जाते ते पुढच्या वर्षी कळले. प्रदर्शन संपले आणि मशीन पत्र्याच्या पेटीत गेले. पण महिन्याला पाचशे रुपये भाडे खात्यातून आपोआप कापले जात राहिले. पासबुक भरायला कोणी गेले नाही. अकरा महिन्यांत साडेपाच हजार रुपये गेले. हंगामात तूर विकत घेण्यासाठी बाजूला ठेवलेले ते पैसे होते. बैठकीत एका माउलीने आम्हाला विचारले, "भाऊ, अडत्या निदान माल विकल्यावर अडत कापतो. हे तर माल नसतानाही कापतं. हा कुठला व्यापार?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. शेतीच्या पदवीत आम्हाला खताची मात्रा शिकवली, फवारणीचे प्रमाण शिकवले. पैसे कसे घ्यायचे, हे कोणी शिकवले नाही. मग आम्ही तो हिशेब शिकलो. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

शरद जोशींनी १९९१ च्या सुमारास चतुरंग शेतीचा विचार मांडला. त्यात माजघर शेती होती, म्हणजे घरातच मालावर प्रक्रिया करणे. आणि व्यापार शेती होती, म्हणजे तो माल आपणच विकणे. आज मायबहिणी तेच करत आहेत. पण व्यापारात उतरले की व्यापाऱ्याचे खर्चही आपल्याच डोक्यावर येतात. त्यातला एक खर्च पैसे घेण्याचा.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात जिम मॅकेल्वी नावाचा काचेच्या कलाकुसरीच्या वस्तू करणारा कारागीर होता. गिऱ्हाइकाचे कार्ड घेता आले नाही म्हणून त्याची एक विक्री हातची गेली. २००९ साली त्याने आणि जॅक डॉर्सीने मिळून स्क्वेअर ही कंपनी काढली आणि मोबाइलच्या इअरफोनच्या भोकात बसणारे लहान कार्डयंत्र बाजारात आणले. लहान विक्रेत्याची गरज ओळखून हे यंत्र निघाले, हे खरे. पण यंत्र विकणारा काही धर्मादाय करायला बसलेला नाही. तो आपला पैसा कुठून काढतो, हे घेणाऱ्याने पाहायचे असते.

आधी एक गोंधळ दूर करू. कृषी केंद्रात खत घेताना आपण ज्यावर अंगठा लावतो, रेशन दुकानात ज्यावर लावतो, ते मशीन ओळख पटवण्याचे आहे. आम्ही पैसे घेण्याच्या मशीनबद्दल बोलतो आहोत. पैसे घेण्याच्या मुख्य वाटा चार आहेत.

पहिली वाट साध्या छापील क्यूआर कागदाची. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, आणि १ जानेवारी २०२० पासून गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराला शुल्क नाही. दुसरी वाट बोलणाऱ्या डब्याची. पैसे आले की तो मराठीतून रक्कम सांगतो, पण त्याला बहुधा महिन्याचे भाडे असते. तिसरी वाट मोबाइलला जोडायच्या लहान कार्डयंत्राची. ते आपल्याच फोनचे नेटवर्क वापरते आणि पावती संदेशाने पाठवते. चौथी वाट मोठ्या मशीनची. त्यात स्वतःचे सिम असते, कागदी पावती निघते, आणि बहुतेक वेळा भाडेही असते.

आता कट्टी किती, ते पाहू. रुपे डेबिट कार्डावर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे. आदल्या वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल, तर मशीनवरच्या व्यवहाराला जास्तीत जास्त शंभराला ४० पैसे. उलाढाल त्याहून मोठी असेल, तर शंभराला ९० पैसे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथे कंपनी मागेल आणि आपण कबूल करू तो दर. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयलाही जोडता येते. त्यावर शुल्क लागू शकते, म्हणून तेही विचारून घ्यायचे. शुल्कावर जीएसटी धरला आहे की वेगळा, हेही विचारायचे.

यूपीआय फुकट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते सरकारच्या निर्णयाने फुकट आहे. ५ मार्च २०१२ रोजी एका आदेशाने कापसाची निर्यात बंद झाली होती, हे आपण विसरलेलो नाही. आदेशाने मिळालेले आदेशाने जाऊही शकते. म्हणून पैसे घेण्याची एकच वाट ठेवू नये.

आता मुख्य हिशेब. समजा दोन कंपन्या आल्या. पहिली म्हणते, यंत्र तीन हजाराला विकत घ्या, भाडे नाही, विक्रीवर अडीच टक्के द्या. दुसरी म्हणते, यंत्र फुकट, महिन्याला पाचशे भाडे, विक्रीवर दीड टक्का. ऐकताना दुसरी स्वस्त वाटते. आम्हालाही तशीच वाटली होती.

टक्केवारीत फरक एका टक्क्याचा. पाचशे रुपयांचे भाडे त्या एका टक्क्यातून भरून निघायचे, तर महिन्याला पन्नास हजारांची विक्री कार्डावर व्हायला पाहिजे. एकूण विक्री नव्हे, कार्डावरची विक्री. आपला गट वर्षात दोन प्रदर्शने करतो. प्रत्येकात चाळीस हजारांची विक्री धरा. त्यातले बरेचसे रोख आणि यूपीआय, कार्डावर दहा हजार. म्हणजे वर्षाचे कार्डावर वीस हजार. पहिल्या कंपनीचे शुल्क होते पाचशे रुपये, अधिक एकदाच यंत्राचे तीन हजार. दुसऱ्या कंपनीचे होते भाड्याचे सहा हजार अधिक शुल्काचे तीनशे. पहिल्या वर्षी साडेतीन हजार विरुद्ध सहा हजार तीनशे. दुसऱ्या वर्षापासून पाचशे विरुद्ध सहा हजार तीनशे! दोन दिवसांच्या पेरणीसाठी बाराही महिने सालगडी ठेवण्यातला हा प्रकार आहे.

उलट एखाद्या भावाची डाळमिल आहे किंवा कृषी केंद्र आहे, आणि महिन्याला लाखाची विक्री कार्डावर होते. त्याला पहिली कंपनी अडीच हजाराला पडेल, दुसरी भाड्यासकट दोन हजाराला. त्याने भाड्याचे मशीन जरूर घ्यावे.

म्हणून कोणते मशीन चांगले, असा प्रश्नच विचारू नका. कोणता वाण चांगला, असे कोणी विचारले तर आम्ही आधी जमीन विचारतो. रब्बी ज्वारीत हलक्या जमिनीला फुले अनुराधा, भारी जमिनीला फुले वसुधा. शेजाऱ्याला साधला म्हणून आपल्याला साधेल, असे नाही. मशीनचेही तसेच. तुमची विक्री बारमाही की हंगामी, हीच तुमची जमीन.

टक्केवारी लहान दिसते, तिचेही पोट पाहून घ्या. ती नफ्यावर नसते, पुऱ्या विक्रीवर असते. पोह्यांचा किलो दोनशेला विकला आणि धान्य, मजुरी, पाकीट, गाडीभाडे जाऊन वीस रुपये उरले. अडीच टक्के म्हणजे पाच रुपये. त्या गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या कमाईचा चौथा हिस्सा गेला! मग कार्ड घेऊच नये का? घ्यावे. चाळीस हजारांच्या विक्रीत कार्डाचे शुल्क अडीचशे रुपये, म्हणजे सगळ्या विक्रीवर शंभराला साठ-पासष्ट पैसे. तेवढे भाव ठरवतानाच धरा. आपण उत्पादन खर्चावर भाव मागतो ना? मग आपल्या मालाचा उत्पादन खर्च काढताना हा खर्च का विसरता?

डेबिट कार्डवाल्या गिऱ्हाइकाकडून हा खर्च वेगळा मागता येत नाही. दुकानदाराने तो गिऱ्हाइकावर टाकू नये, हे बँकांनी पाहावे, असे रिझर्व्ह बँकेचे डिसेंबर २०१७ चे परिपत्रक सांगते. याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. बियाणे घेताना दुकानदार डेबिट कार्डाला वर दोन टक्के मागत असेल, तर देऊ नका.

आता चुकाऱ्याचा प्रश्न. तो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी चालली, तेव्हा माल एका दिवशी जायचा आणि अंतिम भाव पुढे कधीतरी कळायचा. मशीनवर "व्यवहार यशस्वी" असे दिसले, म्हणजे पैसे खात्यात आले असे नव्हे. मधे कंपनी आहे. ती दुसऱ्या दिवशी देते की आठवड्याने? सुटीच्या दिवशी काय? त्याच दिवशी हवे असतील तर वेगळे पैसे घेते का? आणि पैसे येतात कोणत्या खात्यात? ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने एका मोठ्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिच्या खात्यांत नवे पैसे घेणे बंद झाले. विक्रीचा पैसा त्याच बँकेत घेणाऱ्या दुकानदारांना दुसरे खाते शोधावे लागले. म्हणून विक्रीचा पैसा आपल्या नेहमीच्या बँकेतल्या खात्यातच आला पाहिजे. गटाचा व्यवहार असेल तर खाते गटाच्या नावाचे, अध्यक्षबाईंच्या किंवा त्यांच्या मुलाच्या नावाचे नाही. भांडणे तिथूनच सुरू होतात.

नेटवर्कची गोष्ट प्रत्यक्ष पाहूनच ठरवा. कंपनीचा माणूस तालुक्याच्या हॉटेलात बसून मशीन चालवून दाखवतो. त्याला म्हणा, आठवडी बाजारात या, पत्र्याच्या शेडखाली चालवून दाखवा. मशीनचे सिम कोणत्या कंपनीचे, ते बदलता येते का, एका भारात दिवस निघतो का, हे तिथेच कळेल.

फसवणुकीपासून सांभाळा. गिऱ्हाइकाने फोनवर दाखवलेले चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या फोनवर संदेश आला, डबा बोलला किंवा खात्यात दिसले, म्हणजे पैसे. पैसे घ्यायला आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला, तर तो चोर समजा. कार्ड टेकवून पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. त्यावर गिऱ्हाईक स्वतः पिन दाबेल, आपण तो विचारायचा नाही. बिलाची नक्कल जपून ठेवा. गिऱ्हाइकाने पुढे बँकेत तक्रार केली तर रक्कम अडकू शकते, आणि तेव्हा तोच आपला पुरावा.

त्या गटाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मशीन पोचपावती घेऊन परत केले. बंद करण्याचा अर्ज लेखी दिला, भाडे कापण्याची परवानगी बँकेतून रद्द केली. गेलेले साडेपाच हजार परत मिळाले नाहीत, कारण करारात भाडे लिहिलेले होते आणि खाली सही होती. आता गटाकडे स्वतःच्या बँकेचा क्यूआर आहे आणि एकदाच विकत घेतलेले, फोनला जोडायचे कार्डयंत्र आहे. ते पेटीत पडले तर पडून राहते, काही खात नाही. आणि "कार्ड चालतं ना?" असे विचारून आता कोणी पिशवी ठेवून जात नाही.

घरी जाताना सहा प्रश्न कागदावर लिहून न्या. भाडे किती आणि विक्री नसलेल्या महिन्यात लागते का? कोणत्या कार्डावर किती टक्के? चुकारा किती दिवसांत? कोणत्या खात्यात? आमच्या बाजारात चालते का? आणि बंद करायचे झाले तर कसे, किती दंड भरून? येणाऱ्या माणसाकडून उत्तरे लेखी घ्या, त्यावर त्याची सही घ्या. तो सही देत नसेल तर तुम्हीही देऊ नका.

यंत्राला आपला विरोध नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण भांडून मागितले आहे. पण ज्याने निवड मागितली, त्याने निवडताना हिशेब केला पाहिजे. आम्ही तो केला नाही. त्याची किंमत बाराजणींनी भरली.