घोडा वाहणारी गाडी आणि तरुण चालकाची अनुज्ञप्ती
(हिंडलगा येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजचा विषय वरवर पाहता लहान वाटेल. घोडा गाडीत घालून न्यायचा, गाडी घरच्या मुलाने चालवायची, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु बेळगाव, निपाणी आणि चंदगड या पट्ट्यात घोडा अजून दारात आहे. लग्नाच्या वरातीला तो लागतो, जत्रेला लागतो, शर्यतीच्या हौसेपायी तो पाळलाही जातो. पूर्वी हा घोडा स्वतःच्या पायांनी जाई. चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आषाढी वारीसाठी आजही मुक्काम करीत पायीच आळंदीला जातात. बाकीचे घोडे मात्र आता छोट्या टेम्पोतून किंवा पिकअपमधून जातात आणि चाकापाशी बहुधा घरातील सर्वांत तरुण मुलगा बसलेला असतो.

आजोबांनी टांगा हाकला, तेव्हा त्यांना मोटारीच्या कायद्याशी कर्तव्य नव्हते. यंत्राच्या शक्तीने चालणारे वाहन तेवढेच मोटार वाहन, अशी कायद्याची व्याख्या आहे. घोडागाडी तिच्यात बसत नाही. तोच घोडा टेम्पोच्या हौद्यात चढवला की नातवाला मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू होतो. मुलगा घोड्यांत वाढला आहे, त्याला घोडा ओळखतो, हे सारे खरे. तरीही घोडा सांभाळता येणे आणि घोडा भरलेली गाडी सांभाळता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. कायदा त्यांतील दुसऱ्या कामाचा दाखला मागतो. त्या दाखल्याला सरकारी भाषेत अनुज्ञप्ती म्हणतात. आपण सगळे लायसन म्हणतो.

प्रथम वयाचे पाहू. अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी सवलत आहे ती पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीपुरती. तिचा टेम्पोशी काही संबंध नाही. याच कलमात पुढे परिवहन वाहनासाठी वीस वर्षांची अट घातली आहे. भाड्याने घोडे नेणारी पिकअप ही मालवाहू, म्हणजे परिवहन वाहनच होय.

मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बापाच्या अंगावर येते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९क घातले गेले. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द, अशी तरतूद आहे. त्या मुलाला पंचविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत अनुज्ञप्तीही मिळत नाही. आपल्याला याची माहिती नव्हती किंवा आपण काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच असते. घोडा भाड्याने देऊन पोट भरणाऱ्या घराची गाडी वर्षभर दाराशी उभी राहिली, तर त्या घराचे काय होते ते मी आपणांस सांगायला नको.

आता अनुज्ञप्तीच्या वर्गाविषयी. येथे गेल्या काही वर्षांत बराच गोंधळ होता आणि तो समजून घेतला पाहिजे. हलके मोटार वाहन म्हणजे काय? मालवाहू गाडीच्या बाबतीत जिचे नोंदलेले एकूण वजन, म्हणजे गाडी आणि तिला वाहण्याची मुभा असलेला माल मिळून, ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही ती. हा आकडा नोंदणी पुस्तकात असतो. अशी गाडी साध्या हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालवता येते, की तिच्यावर परिवहन वाहनाची वेगळी नोंद हवी, यावर अपघातानंतर विमा कंपन्या व वाहनमालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगन प्रकरणात वेगळी नोंद नको असे म्हटले. पुढे प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात घटनापीठाने तेच मत कायम केले. म्हणजे ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरते.

या निकालामुळे आपल्या छोट्या गाडीवाल्यांचा मोठा घोर गेला, याचे मला समाधान आहे. मात्र तो निकाल विम्याच्या दाव्यांतून आला आहे, हे ध्यानात ठेवावे. कलम ४ मधील वीस वर्षांचे शब्द पुस्तकात होते तसेच आहेत. वाद घालायला वाव आहे, असे वकील सांगतील. पण जखमी माणूस रस्त्यावर पडलेला असताना तो वाद आपल्या मुलाच्या नावावर चालावा, अशी कोणाची इच्छा असेल असे मला वाटत नाही. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती काढावी, दोन वर्षे रिकामी गाडी, घरची मोटार चालवावी आणि विसाव्या वर्षानंतर घोडा भरावा, हा माझा सल्ला. सहा घोडे नेणारी मोठी गाडी ७,५०० किलोंच्या वर गेली तर निराळी अनुज्ञप्ती लागतेच, आणि तिच्यासाठी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष धारण केलेली असावी लागते.

योगायोग असा, की ब्रिटनमध्येही घोडेवाल्यांच्या छोट्या लॉऱ्यांचा वाद साडेसात टनांच्याच आकड्यापाशी आहे. १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा दिलेल्यांना तेथे साडेसात टनांपर्यंत मुभा मिळाली. त्यानंतरच्या तरुणांना साडेतीन टनांच्या वर जायचे तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. बापाला चालते ते मुलाला चालत नाही, ही तक्रार तिकडेही आहेच.

येथे कोणी विचारील, हिंडलग्याहून सुळगा, बाची मागे टाकून शिनोळीला पोहोचलो की महाराष्ट्र सुरू. मग कर्नाटकची अनुज्ञप्ती तेथे चालते का? चालते. कलम १३ प्रमाणे ती संपूर्ण भारतात लागू आहे. गाडीचा परवाना ही निराळी गोष्ट आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला तो लागत नाही. त्यावरील गाडीने सीमा ओलांडण्यापूर्वी कागद पाहून घ्यावेत.

अनुज्ञप्ती खिशात आली तरी हौद्यात काय आहे, हे चालकाला विसरता येत नाही. सिमेंटचे पोते वळणावर जागचे हलत नाही. तीन-चारशे किलोंचा घोडा उभा असतो, त्याचे वजन उंचावर असते, आणि तो बिचकला की सारा भार एका बाजूला जातो. निपाणीजवळच्या तवंदी घाटात किंवा सावंतवाडीकडे उतरताना आंबोलीच्या वळणांवर याचा अर्थ काय होतो, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीचे १९७८ चे नियम म्हणूनच फार बारकाईने लिहिलेले आहेत. तळाशी न घसरणारे साहित्य हवे. दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत. घोड्याचे तोंड डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर असावे. वेग ताशी ३५ किलोमीटरांहून अधिक नको. सोबत पशुवैद्यकाचा दाखला हवा. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो, तेव्हा या दाखल्याला केवळ उपचार समजू नये.

जागेचाही हिशेब आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा ठरवली आहे. सात फूट लांब व पावणेपाच फूट रुंद हौद्याचे क्षेत्र सुमारे तीन चौरस मीटर भरते, म्हणजे त्यात एकच घोडा. दोन घोड्यांना नऊ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा जेमतेम पुरतो. शाळेतील गुरुजींनी हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना घरच्या गाडीचे माप घेऊन करायला द्यावे. क्षेत्रफळ शिकवायला आपल्या गावी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, आणि उत्तर घरी वडिलांपर्यंतही पोहोचेल.

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. येथून ते अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक आहे. ताशी ३५ च्या वेगाने वीस तास नुसते चालवण्याचे. मालवाहू गाडीच्या चालकाचे काम कायद्याने दिवसाला आठ तासांचे आहे. तेव्हा एकट्या पोराला रात्री जेवण बांधून पाठवणे, सकाळी पोहोचशील म्हणणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. एक तर दोन चालक द्यावेत, किंवा वाटेत मुक्काम करून घोड्यांना उतरवून पाणी-वैरण द्यावी. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १९६० च्या दराचाच, दहा ते पन्नास रुपये, आहे. तेवढ्यावरून कोणी बेफिकीर राहू नये. वाटेत पाय मोडलेल्या घोड्याची किंमत त्याहून किती, हे आपण जाणता.

विम्याविषयी एकच सांगतो. चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती नसेल तर न्यायालय विमा कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. अशा वसुलीत शेत जाऊ शकते.

शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिने असते व तीस दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. अर्ज सारथी या शासकीय संकेतस्थळावर भरता येतो. परिवहन वाहनासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची जी अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांनी त्या जुन्या अटीच्या भीतीने अनुज्ञप्तीवाचून राहू नये. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांना गुरुजींनी मदत करावी, अशी विनंती आहे. नोंदणी पुस्तके ज्यांनी सोबत आणली असतील त्यांनी आता पुढे यावे. एकूण वजनाचा रकाना कोठे असतो ते मी प्रत्येकाला दाखवतो.